मोतीला घेऊन आदासाला जाताना

पुणे, २७ फेब्रुवारी

ती. आई-बाबांना सा. नमस्कार.

काल फोनवर आई म्हणाली, कळमेश्वरच्या रस्त्याला पळस पेटलाय आणि तुम्ही दोघं मोतीला घेऊन आदासाच्या गणपतीच्या टेकडीवर जायचं म्हणताय. जरूर जा. फक्त येत्या पंधरा दिवसांत जा, कारण मार्च निम्मा सरला की नागपूरचं ऊन मोतीसारख्या कुत्र्याला झेपत नाही. फोनवर सगळं नीट सांगून होत नाही, म्हणून लिहून पाठवते आहे. बाबा, मोठ्या अक्षरात छापून घ्या आणि फ्रिजवर लावून ठेवा.

जागा चांगली निवडलीत. पेंच, बोर, उमरेड-कऱ्हांडला, गोरेवाडा इथे पाळीव कुत्रा आत नेता येत नाही आणि ते बरोबरच आहे. कुत्र्यांचा डिस्टेंपर हा साथीचा रोग जंगलातल्या प्राण्यांनाही लागतो. रामटेकच्या गडावर वानरं फार, तिथे मोती तुम्हाला एक पाऊल सुखाने टाकू देणार नाही. आदासाला रविवारी, मंगळवारी आणि चतुर्थीला मात्र जाऊ नका, गर्दी असते. दोघंही घरीच असता, तर बुधवार-गुरुवार बघा.

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट वेळेची. घरून सव्वापाचला निघा. काटोल नाका, फेटरी, कळमेश्वर असं रमतगमत गेलात तरी उजाडताना पोचाल. साडेआठला गाडीकडे परत फिरायचं आणि नऊला गाडी सुरू झालेली असली पाहिजे, मग वर कितीही छान वाटत असो. चढ-उतार धरून एकूण चालणं चार किलोमीटरच्या आत ठेवा.

एवढी घाई का, तर माणसासारखा घाम कुत्र्याला येत नाही. पंजांच्या गाद्यांना थोडा येतो तेवढाच, बाकी सगळी उष्णता धापा टाकून बाहेर काढावी लागते. मोती सात वर्षांचा, एकतीस किलोचा, दाट केसांचा लॅब्रॅडॉर, त्यात तीन किलो जास्तीचा. असा कुत्रा दमला तरी थांबत नाही, तुम्ही चालताय तोवर शेपटी हलवत चालतोच. म्हणून त्याच्या थांबण्याची वाट बघायची नाही, घड्याळ बघायचं. डांबरावर किंवा खडकावर हाताची उलटी बाजू सात सेकंद ठेवून बघा. नाही ठेववली तर त्याच्या पंजांना तिथे चटके बसणार.

त्याची जीभ बघायची सवय लावून घ्या. साधी धाप असेल तर जीभ बाहेर असते, पण तोंड मिटून तो मध्येच वास घेतो, इकडेतिकडे बघतो. जीभ टोकाला चमच्यासारखी रुंद झाली, लाळ घट्ट होऊन तिच्या तारा लोंबायला लागल्या, हिरड्या विटेसारख्या लाल दिसल्या किंवा मागचे पाय लटपटले, तर त्याला ऊन लागलंय. लगेच सावलीत घ्या. जवळचं सगळं साधं पाणी पोटावर, जांघेत आणि काखेत ओता आणि बाबांच्या टोपीने वारा घाला. ओला टॉवेल अंगावर पांघरून ठेवू नका, त्याखाली उष्णता कोंडते. बर्फ लावू नका, तोंडात जबरदस्तीने पाणी ओतू नका. आधी अंग गार करायचं आणि मगच गाडीत एसी लावून दवाखान्यात न्यायचं, हा क्रम उलटा करू नका. घरचा डिजिटल थर्मामीटर बरोबर ठेवा, तो गुदद्वारात लावायचा. १०१ ते १०२.५ फॅरनहाइट हे त्याचं नेहमीचं तापमान. १०४ च्या वर गेलं की धोका. उतरून १०३ वर आलं की पाणी ओतणं थांबवा, नाहीतर अंग गरजेपेक्षा जास्त गार पडतं.

पाणी एकूण पाच लिटर घ्या, दीड-दीड तुमच्या दोघांचं आणि दोन मोतीचं. त्याला दर वीस मिनिटांनी थोडं थोडं द्या, एकदम वाडगाभर नको. त्याच्या दोन लिटरपैकी एक संपलं की तिथूनच मागे फिरा. तळ्याचं, डबक्याचं पाणी पिऊ देऊ नका. साचलेल्या पाण्यात उंदीर-घुशींच्या मुतातून आलेले लेप्टो या रोगाचे जंतू असू शकतात. त्याच्या लसींचं कार्डही बघून घ्या, रेबीजची वर्षाची मुदत संपत आली असेल तर जाण्याआधी टोचून घ्या.

सकाळी निघताना त्याला रोजच्या खाण्याचा पाव हिस्सा, बास. बाकीचं घरी आल्यावर, धाप पूर्ण शमून तासभर झाला की मग. खोल छातीच्या मोठ्या कुत्र्याने भरल्या पोटी धावपळ केली की पोटाला पीळ पडू शकतो आणि तसं झालं तर काही तासांत शस्त्रक्रिया करावी लागते. आई, तुझ्या डब्यातल्या तिखट-मिठाच्या पुऱ्या त्याला नकोत. कांदा आणि मनुका तर मुळीच नकोत, दोन्ही कुत्र्यांना विषारी आहेत. सध्या बाजारात मृग बहराची संत्री आहेत, त्यातल्या दोन फोडी बिया काढून दिल्यास चालतील. बाबा, तुमची सकाळची गोळी या गडबडीत राहू देऊ नका, डब्यातच ठेवा.

आता पट्टा. गळ्यातला नको, छातीवरचा हार्नेस घाला आणि सहा फुटांची साधी कापडी दोरी लावा. बटण दाबून लांब होणारी दोरी घरीच राहू द्या. एकतीस किलोचा कुत्रा वानरामागे झेपावला की ती हातातून निसटते किंवा बोटं कापते. दोरी मनगटाला गुंडाळू नका आणि कमरेला तर कधीच बांधू नका. वय झालेल्या माणसांची मनगटं अशानेच मोडतात. मूठ सोडली की दोरी सुटली पाहिजे. तो सुटला तर सापडेल, आई पडली तर निस्तरणं कठीण. चढताना बाबांनी धरा, एका हातात काठी आणि दुसऱ्यात दोरी. उतरताना ज्याच्या हातात दोरी नाही त्याने पुढे राहायचं. मोती शेजारी किंवा मागे हवा, कारण उतारावर तो पुढून ओढायला लागला की सगळा भार तुमच्या गुडघ्यांवर येतो. देवळाच्या आवारात त्याला नेऊ नका. एकाने दर्शन घेऊन यायचं, तोवर दुसऱ्याने त्याच्याजवळ सावलीत बसायचं.

पळस, काटेसावर फुलली की आग्या मोहोळांचे दिवस येतात. उंच झाडाच्या फांदीखाली किंवा कड्याला काळी, अर्धगोल लोंबती पोळी दिसली तर तिथून हळूच, आवाज न करता लांब व्हा. त्या दिवशी अत्तर, सुवासिक तेल नको. माश्या उठल्याच तर हात झटकू नका. तोंड दुपट्ट्याने झाका आणि गाडीकडे निघा, मोतीची दोरी सोडावी लागली तरी चालेल.

मोहाच्या झाडाखाली पहाटे फुलं पडायला लागतात. गोड वासाने मोती ती हुंगेल, खाऊ देऊ नका. ती आंबतात आणि त्याचं पोट बिघडेल. वेचणारी माणसं असतील तर त्यांची झाडली-सारवलेली जागा मोतीने तुडवायची नाही, ते त्यांचं वर्षाचं उत्पन्न आहे. काडेपेटीसुद्धा नेऊ नका. १५ फेब्रुवारीपासून १५ जूनपर्यंत वणव्याचे दिवस धरतात आणि पानगळीचा पाचोळा ठिणगीलाही पुरतो. आई, होळीच्या रंगासाठी पळसाची फुलं हवी असतील तर खाली पडलेलीच वेच. रात्रभर गरम पाण्यात ठेवली की छान केशरी पाणी मिळतं.

आता कुसळांबद्दल. हे मला सगळ्यात जास्त सांगायचं आहे, कारण या दिवसांत दवाखान्यात येणाऱ्या निम्म्या लंगड्या कुत्र्यांच्या पायांत मला तीच सापडतात. वाळलेल्या गवताचं कुसळ एका बाजूने टोकदार असतं आणि त्याला उलटे केस असतात, त्यामुळे ते फक्त पुढेच सरकतं. बोटांच्या मधून घुसतं, आत शिरतं आणि आठवड्याने तिथे गळू येतं. कानात गेलं तर पडद्यापर्यंत पोचतं. म्हणून मधल्या वाटेनेच चाला, गुडघाभर गवतात त्याला शिरू देऊ नका. आदल्या दिवशी पंजांमधले आणि कानाच्या तोंडाशी वाढलेले केस बोथट टोकाच्या कात्रीने कापा.

गाडीत बसवण्याआधी मागचं दार उघडून त्याला तिथे उभं करा. आईने तोंडाजवळ राहून बोलत राहायचं, बाबांनी चष्मा लावून तपासायचं. आधी चारही पंजे, प्रत्येक बोट फाकवून. मग काखा, जांघा, शेपटीखाली, डोळ्यांच्या कडा, शेवटी कान. कान उलटून फक्त दिसेल तेवढंच बघा, आत काडी किंवा बड घालू नका. तो डोकं एका बाजूला कलतं धरून सारखं झटकत असेल तर कुसळ आत गेलंय, त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. झुडपातून गेला असेल आणि अंग वेड्यासारखं घासत असेल तर खाजकुईली लागली आहे. चोळू नका, तिचे केस आणखी रुततात. रुंद चिकटपट्टी दाबून उचला, मग भरपूर पाण्याने धुवा.

याच वेळी गोचीडही बघा. दिसली तर चिमट्याने कातडीला टेकून पकडा आणि सरळ, सावकाश ओढा. रॉकेल, तेल, चटका यांतलं काही नको. त्याने ती गळून पडत नाही, उलट तिची लाळ रक्तात जास्त मिसळते. नंतर तीन आठवडे त्याच्या जेवणाकडे लक्ष ठेवा. खाणं टाकलं, ताप आला, नाकातून रक्त आलं किंवा पोटाच्या कातडीवर लाल ठिपके दिसले तर रक्ताची तपासणी करायला लावा आणि गोचीड निघाली होती हे डॉक्टरांना आवर्जून सांगा.

परतताना कळमेश्वरला तर्री पोहे खायला थांबणार हे मला माहीत आहे. थांबा, पण मोती गाडीत एकटा नको, काच उघडी असली तरी नको. नऊनंतर उभ्या गाडीत दहा-पंधरा मिनिटांत भट्टी होते. एकाने उतरून दोन प्लेट बांधून आणा.

घरी पोचलात की त्याच्या चारही पंजांचे फोटो पाठवा, बोटं फाकवून, उजेडात काढलेले. उजवा मागचा पंजा जवळून काढा. तिथली गादी मागच्या वर्षी फाटली होती, ती जागा मला बघायची आहे.

तुमची,
मनू