फिलाडेल्फियाला आलात की काय काय दाखवायचंय

प्रिय आई आणि बाबा,

साष्टांग नमस्कार. व्हिसा आला ऐकून इतका आनंद झाला की त्या दिवशी ऑफिसात सगळ्यांना सांगत सुटले. आई, परवा फोनवर तू म्हणालीस ना, की तिकडे येऊन बघायचं काय, मॉल आणि उंच बिल्डिंगा, त्या आता मुंबईतही आहेत. तेव्हा मी गप्प बसले कारण फोनवर सगळं सांगून झालं नसतं. म्हणून निवांत लिहितेय.

शनिवारी मी एकटीच सकाळच्या ट्रेनने फिलाडेल्फियाला जाऊन आले, खास तुझ्या गुडघ्याच्या हिशोबाने. कुठे किती चालायचं, बसायला बाक कुठे, बाथरूम कुठे, हे सगळं बघून ठेवलंय. मागच्या वर्षी सासूबाई-सासरे आले तेव्हा आम्ही टूर बसमध्ये बसलो होतो, अडीच तास काचेतून इमारतींच्या पाठी बघितल्या आणि घरी आलो, त्याचं मला आजही वाईट वाटतं. हे गाव चालतच बघायचं, थोडं थोडं, दोन दिवसांत. जुना भाग सगळा सपाट आहे. हे गाव वसवणाऱ्या विल्यम पेनने 1682 मध्ये आखलं तेव्हापासून रस्ते सरळ, एकीकडून नंबरांचे आणि दुसरीकडून झाडांच्या नावांचे, चेस्टनट, वॉलनट, स्प्रूस, पाइन. बाबांना एकदा समजलं की ते आपले आपण फिरतील.

पहिल्या दिवशी सकाळी लिबर्टी बेल, म्हणजे स्वातंत्र्याची घंटा. तिकीट नाही, फक्त सिक्युरिटीची लाइन, म्हणून लवकर जायचं. घंटा 1752 मध्ये लंडनहून करून आणली आणि इथे टांगून पहिल्यांदा वाजवली तर तडकली, मग इथल्याच दोघा कारागिरांनी ती वितळवून परत ओतली. वजन साधारण 943 किलो. आणि जवळ गेल्यावर एक गोष्ट कळते जी फोटोत कधी कळली नव्हती: ती रुंद भेग जी सगळ्यांना माहितीय ती भेग नाहीच, ती दुरुस्ती आहे! मूळची बारीक चीर पुढे वाढू नये आणि कडा एकमेकींवर घासू नयेत म्हणून 1846 मध्ये ती मुद्दाम कोरून रुंद केली, कडेला कोरल्याच्या खुणा दिसतात. तरी पहिले राष्ट्राध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन यांच्या जयंतीला वाजवताना वरच्या बाजूला दुसरी चीर गेली आणि घंटा कायमची मुकी झाली. मी बराच वेळ तिथेच उभी होते. मागे काच आहे आणि काचेतून समोर इंडिपेंडन्स हॉल दिसतो, जिथे ती टांगलेली असायची.

दारातून बाहेर पडल्यावर लगेच एक मोकळी जागा लागते, ती चुकवायची नाही. तिथे वॉशिंग्टन राष्ट्राध्यक्ष असताना राहायचे ते घर होतं, 1790 ते 1800 हेच शहर देशाची राजधानी होतं ना. आणि त्या घरात त्यांनी नऊ गुलाम ठेवले होते. पेन्सिल्व्हेनियाचा कायदा असा की बाहेरून आणलेला गुलाम सहा महिने इथे राहिला तर तो मोकळा होऊ शकायचा, म्हणून मुदत भरायच्या आत त्यांना राज्याबाहेर नेऊन परत आणायचे. त्यातली ओना जज, विशी-बाविशीतली पोरगी, मालकिणीच्या नातीला लग्नात आहेर म्हणून द्यायचं ठरलं होतं तिला, ती 1796 च्या मे महिन्यात घरातली मंडळी जेवायला बसलेली असताना निघून गेली, जहाजाने न्यू हॅम्पशायरला. पेपरात जाहिरात दिली, माणसं पाठवली, पण ती शेवटपर्यंत हाती लागली नाही. स्वातंत्र्याच्या घंटेपासून चार पावलांवर हे सगळं घडलंय. मला वाटतं दोन्ही एका दमात बघितल्याशिवाय हे गाव कळत नाही.

इंडिपेंडन्स हॉलचं तिकीट वेळेचं असतं, ऑनलाइन एक डॉलर फी, ते मी आधीच काढेन. आत एकच मुख्य खोली, हिरवी टेबलक्लॉथं, मेणबत्त्या, साध्या खुर्च्या. 4 जुलै 1776 ला अमेरिकेच्या स्वातंत्र्याचा जाहीरनामा इथेच मंजूर झाला आणि 1787 मध्ये संविधानावर सह्याही इथेच. बाबा, समोर वॉशिंग्टन बसायचे ती खुर्ची बघा, खरी तीच आहे, पाठीच्या वरच्या टोकाला अर्धा सूर्य कोरलाय. सह्या चालू असताना म्हातारे बेंजामिन फ्रँकलिन, सही करणाऱ्यांतलेच एक, म्हणाले की इतके महिने बघतोय पण हा सूर्य उगवतोय का मावळतोय ते कळत नव्हतं, आता कळलं, उगवतोय. तुम्हाला हे नक्की आवडणार.

दुपारी थोडं पुढे एल्फ्रेथ्स अ‍ॅली. ही गल्ली तुला दाखवायची मला फार घाई झालीय आई. विटांची चिकटून चिकटून 32 घरं, सतराशे-अठराशेच्या काळातली, आणि त्यात अजूनही माणसं राहतात, त्यामुळे हळू बोलायचं आणि खिडकीत डोकवायचं नाही. काही घरांना पहिल्या मजल्याच्या खिडकीबाहेर लोखंडी पट्टीवर छोटे आरसे लावलेत, दारात कोण आलंय ते वरूनच दिसावं म्हणून. त्याला इथे बिझीबॉडी म्हणतात. मला एकदम आपल्या वाड्यातली आजी आठवली, माडीवरून वाकून "कोण गं?" विचारणारी. दाराशी बुटाचा चिखल खरवडायच्या लोखंडी पट्ट्याही आहेत.

जेवायला रीडिंग टर्मिनल मार्केट, उच्चार रेडिंग. 1893 चा बाजार आहे, रेल्वे स्टेशनच्या खाली भरवलेला. आमिश लोकांचे, म्हणजे जुन्या साध्या पद्धतीने राहणाऱ्या एका ख्रिस्ती पंथाच्या लोकांचे, स्टॉल आहेत पण रविवारी ते बंद, म्हणून आपण शनिवारीच जाऊ. गरम प्रेट्झेल लोण्यात माखून देतात, बाबांना चहाबरोबर चालेल. इथलं फेमस चीझस्टेक बीफचं असतं, ते आपल्याला नको. गर्दी मात्र आपल्या दादर मार्केटसारखी, हात सोडायचा नाही.

दुसऱ्या दिवशी आर्ट म्युझियम. समोरच्या 72 पायऱ्या चढायच्या नाहीत, मागच्या बाजूने लिफ्ट आहे. आत मदुराईच्या देवळातले दगडी खांब आहेत, अख्खा मंडप उभा केलाय. 1912 मध्ये एक अमेरिकन बाई मदुराईला गेल्या होत्या, त्यांनी ते विकत घेतले. मी तिथे नुसती बसून राहिले, बाहेर फिलाडेल्फिया आहे हे विसरायला झालं.

आणि आता जे मी शेवटी सांगायचं म्हणून राखून ठेवलं होतं ते. आपल्या कल्याणच्या आनंदीबाई जोशी इथेच शिकल्या. लहानपणी तू मला त्यांची गोष्ट सांगायचीस, पण तेव्हा फिलाडेल्फिया म्हणजे काय ते मला कुठे माहीत होतं. 1883 मध्ये आल्या, वय 18, आणि 11 मार्च 1886 ला वुमन्स मेडिकल कॉलेजची एम.डी. झाल्या, समारंभाला पंडिता रमाबाई हजर होत्या. कॉलेज नॉर्थ कॉलेज अव्हेन्यूवर होतं, गिरार्ड कॉलेजच्या उंच दगडी भिंतीजवळ, म्युझियमपासून गाडीने पाच-सात मिनिटं. बघण्यासारखं तिथे काही नाही, नुसता रस्ता. तरी मी शनिवारी तिथे गेले. वारा इतका गार होता की जॅकेटची चेन गळ्यापर्यंत ओढली, आणि त्या तर साडी नेसून इथले हिवाळे काढत होत्या. त्यांचा तो फोटो, त्याच कॉलेजात शिकणाऱ्या जपानच्या केई ओकामी आणि सिरियाच्या सबात इस्लामबुली यांच्याबरोबरचा, इथल्याच ड्रेक्सेल युनिव्हर्सिटीच्या संग्रहात आहे. तिघी आपापल्या देशाच्या कपड्यांत. त्या रस्त्यावर मला तुला घेऊन उभं राहायचंय.

बूट नवे घेऊ नकोस, सवयीचेच आण. ऑक्टोबरमध्ये सकाळी थंडी असते, बाबांना कानटोपी लागेल. तिकिटाची तारीख पक्की झाली की लगेच कळवा, हॉलचं सकाळचं तिकीट पटकन संपतं.

तुमची,
मनू