मंत्रिमहोदय, त्या बाळाचा श्वास आम्ही तोडला नाही

माननीय आरोग्यमंत्री महोदय,
सादर नमस्कार.

‘बाळाचा श्वास तोडणाऱ्या डॉक्टरांना सोडणार नाही,’ असं गेल्या आठवड्यात तुम्ही कॅमेऱ्यासमोर म्हणालात. त्या डॉक्टरांपैकी मी एक. तुमच्या कामाचा व्याप मोठा आहे, याची मला जाणीव आहे. पण एवढं मोठं वाक्य बोलण्याआधी तुमच्या कार्यालयातून आमच्या विभागात एक साधा फोनही आला नाही. म्हणून हे चारचौघांत लिहावं लागतंय.

बाळ पूर्ण दिवसांचं होतं. जन्मताना मेंदूला प्राणवायू मिळाला नाही. अशा वेळी पहिल्या सहा तासांत शरीर थंड करायला घ्यावं लागतं. तापमान साधारण 33.5 अंश सेल्सिअसवर आणून 72 तास तिथेच ठेवतात. या उपचाराने कितीतरी मुलं वाचतात, पुढे धावतात, शाळेत जातात. हे बाळ त्यांच्यातलं नव्हतं. ईईजी, म्हणजे मेंदूतल्या विद्युत लहरींचा आलेख, जवळजवळ सपाट होता. एमआरआयमध्ये मेंदूचा खोल गाभा आणि वरचा थर, दोन्हींना जबर इजा दिसत होती. चोखणं नाही, गिळणं नाही, श्वास घेतलाच तर तुटक. आम्ही बाहेरच्या दोन तज्ज्ञांना बोलावलं, त्यांचंही मत तेच पडलं. आईवडिलांशी पुन्हा पुन्हा बसून बोललो. वडील एकच विचारत राहिले, “त्याला दुखतंय का, तेवढं सांगा.”

शेवटी त्या दोघांनी आणि आम्ही मिळून ठरवलं. वेदनाशामक दिलं, श्वासाच्या यंत्राची नळी काढली, बाळ आईच्या कुशीत दिलं. सगळं कागदावर आहे, सह्यांसकट.

मग एका नातेवाइकाने तक्रार केली आणि आम्हाला पोलिस ठाण्यात बसवलं. माझा फोन काढून घेतला. माझ्याबरोबरची परिचारिका, जिने रात्ररात्र त्या बाळाजवळ काढली, तिला ‘तू यंत्र बंद केलंस का’ असं दरडावून विचारलं गेलं. ओली बाळंतीण आमच्या बाजूने सांगायला ठाण्यात येऊन बाकावर बसून राहिली. तिचं म्हणणं कुणी लिहून घेतलं नाही. तेव्हापासून माझा हात चालत नाही, महोदय. नळी घालताना मनात आधी पोलिस येतात, मग बाळ.

याचा अर्थ तुमच्या लक्षात येतोय का? उपयोग नसेल तेव्हा यंत्र काढता येईल, हा भरवसा असला तरच डॉक्टर वाचण्याची खात्री नसलेल्या बाळालाही ते लावून बघतो. त्याला चार दिवसांची संधी देतो. काढणं हा गुन्हा ठरणार असेल, तर लावतानाच हात आखडेल. ज्यांच्याबद्दल काहीच सांगता येत नाही अशी बाळं त्यात जातील. गर्भारपणाच्या 23-24 आठवड्यांतच जन्मलेली, ओंजळीत मावणारी. उपचार सुरू न करणं आणि सुरू केलेला निष्फळ उपचार थांबवणं, यांत नैतिक फरक नाही, असं वैद्यकीय नीतिशास्त्रात बहुतेकांचं मत आहे. तुम्ही मात्र एकाच वाक्यात थांबवण्याला खून ठरवून टाकलंत.

अशी घाई याआधीही झाली आहे. 1982 साली अमेरिकेत ब्लूमिंग्टन इथे डाउन सिंड्रोम असलेल्या एका बाळाची अन्ननलिका जन्मतः बंद होती. शस्त्रक्रियेने ती दुरुस्त होण्यासारखी होती. आईवडिलांनी नकार दिला, न्यायालयाने तो मान्य केला आणि बाळ सहा दिवसांत गेलं. तो अन्यायच होता. मतिमंदत्व येईल म्हणून मुलाला उपाशी मरू देणं मला आजही मान्य नाही. पण सरकारने त्यावर काय केलं? रुग्णालयांत फलक लावले आणि कुणीही तक्रार करावी म्हणून फोन नंबर दिला. तपास पथकं अतिदक्षता विभागांत शिरली. ते नियम तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने 1986 मध्ये रद्द ठरवले. ब्रिटनमध्ये मात्र नफिल्ड कौन्सिल या वैद्यकीय नीतीचा विचार करणाऱ्या संस्थेने 2006 साली गर्भारपणाच्या कोणत्या आठवड्यात जन्मलेल्या बाळाबाबत आईवडिलांशी काय बोलावं, हे स्पष्ट लिहून काढलं. पुढे 2019 मध्ये तिथल्या नवजात तज्ज्ञांच्या संघटनेने, नुसते आठवडे मोजू नका, त्या त्या बाळाचा धोका बघा, अशी सुधारणा केली. लिहिलेलं होतं, म्हणून सुधारता आलं. आणि गैरसमज नको म्हणून सांगते, नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगेन प्रोटोकॉलसारखं (तिथल्या डॉक्टरांच्या नियमावलीसारखं) औषध देऊन आयुष्य संपवण्याची परवानगी मी मागत नाही.

लेखी सूचना देऊ, मोठ्या रुग्णालयांत नैतिकता समित्या नेमू, असं आश्वासन सभागृहात तुम्हीच दिलं होतं. आम्ही मसुदाही पाठवला. पोच आली, पुढे काही नाही.

नियम नसले की काय होतं ते मी बघत आले आहे. खचलेले आईवडील ‘वैद्यकीय सल्ल्याविरुद्ध घरी नेत आहोत’ अशा कागदावर सही करतात. नळी काढली जाते, डॉक्टर सुटतो, रुग्णालय सुटतं. बाळ वाटेत कुठेतरी धापा टाकत जातं. वेदनाशामक नाही, जवळ कुणी जाणतं माणूस नाही. याची चौकशी कुणी लावत नाही, कारण कागद बरोबर असतो! जे आम्ही उजेडात, आईच्या कुशीत, दुखणं थांबवून केलं, त्याला मात्र गुन्हा म्हणायचं?

2022 मध्ये जगात 23 लाख बाळं पहिल्या महिन्यातच गेली. रोज सहा हजारांहून जास्त. त्यातली बरीच वाचण्यासारखी होती, आणि त्यांना जाऊ देण्याचा निर्णय आम्ही डॉक्टरांनी घेतलेला नव्हता. व्हेंटिलेटरवरच्या एका बाळामागे एक परिचारिका हवी. आमच्याकडे एकीच्या वाट्याला चार बाळं येतात. शेवटचं यंत्र कोणत्या बाळाला द्यायचं, हे पहाटे तीन वाजता मी एकटी ठरवते, तेव्हा तिथे कुठलाच मंत्री नसतो. नव्या यंत्राची फीत कापायला सगळे येतात, ते चालवणारी माणसं भरायची फाइल मात्र हलत नाही. ‘प्रत्येक जीव वाचवा’ म्हणणारं हेच सरकार, वाचलेलं अपंग मूल घरी गेलं की कुठे असतं? त्याला फिजिओथेरपी कोण देतं, झटके आले तर औषध कोण देतं, त्याच्या आईला एक रात्र झोप कोण देतं? व्यवस्थेला जीव हवा असतो तो भाषणापुरता.

तुम्ही ते वाक्य मागे घ्या, ज्या कॅमेऱ्यासमोर बोललात तिथेच. आमच्या परिचारिकेवरची कारवाई थांबवा. सूचनांचा मसुदा तुमच्या टेबलावर आहे, तो वाचा आणि बदल सुचवा. त्यात आईवडिलांचं म्हणणं, दुसऱ्या तज्ज्ञाचं मत, वेदनाशमन आणि समितीकडे दाद मागण्याची सोय, सगळं लिहिलेलं आहे. आणि तो मंजूर होईपर्यंत, आज रात्रपाळीच्या डॉक्टरवर अशी वेळ आली तर तिने तुमच्या खात्यात कुणाला फोन करायचा, त्या अधिकाऱ्याचं नाव आणि नंबर आम्हाला लेखी कळवा.

आपली,
एक नवजात शिशुतज्ज्ञ