‘जगाच्या पाठीवर’ प्रवासवर्णनांच्या कपाटात

मा. संपादक,
स. न. वि. वि.

२५ जुलैच्या अंकात गायक-संगीतकार सुधीर फडके, म्हणजे आपले बाबूजी, यांच्यावरचा जयंतीचा लेख वाचला. लेख आपुलकीने लिहिला आहे, पण त्यात गीतरामायणाची गीते ५२ दिली आहेत. ती ५६ आहेत. मूळ बेत आठवड्याला एक याप्रमाणे वर्षभराच्या ५२ गीतांचाच होता, परंतु त्या वर्षी अधिक भाद्रपद आला आणि चार गीते वाढली. १ एप्रिल १९५५ च्या रामनवमीला आकाशवाणीच्या पुणे केंद्रावरून सुरू झालेली मालिका त्यामुळे १९ एप्रिल १९५६ पर्यंत चालली. अधिक मासात जावयाला वाण देतात, त्या वर्षी सगळ्या महाराष्ट्राला मिळाले म्हणायचे!

पण पत्र लिहायला बसले ते निराळ्याच कारणाने. लेखाच्या शेवटी त्यांच्या ‘जगाच्या पाठीवर’ या आत्मचरित्राचा उल्लेख ‘दुर्दैवाने अपुरे राहिलेले’ एवढ्या तीन शब्दांत उरकला आहे. ते मला खटकले.

मी तालुक्याच्या गावी सार्वजनिक वाचनालयात एकतीस वर्षे ग्रंथपाल होते. हे पुस्तक आमच्याकडे आले तेव्हा नोंद करणाऱ्या नव्या मुलाने नाव वाचले, पान काही उघडले नाही, आणि ते थेट प्रवासवर्णनांच्या कपाटात लावून टाकले. चूक माझीही, कारण रजिस्टरवर सही माझीच होती. दोन वर्षे ते तिथेच, हिमालय आणि युरोपच्या सहलींच्या शेजारी. राजा परांजप्यांच्या १९६०च्या त्याच नावाच्या चित्रपटाची पटकथा असेल असे समजून नेणारेही होते. गंमत अशी की परत आणून देताना एकाही वाचकाने तक्रार केली नाही. मी स्वतः वाचले तेव्हा कारण उमगले. रामचंद्र विनायक फडके नावाचा कोल्हापूरचा पोरका, निर्धन मुलगा गाण्याच्या भरवशावर मुंबई गाठतो, पोटासाठी पडेल ते काम करतो, पुढे उत्तर हिंदुस्थानात गावोगाव गात भटकतो, हे प्रवासवर्णन नाही तर काय? फक्त ह्या प्रवासात तिकिटाचे पैसे नाहीत आणि रात्री कुठे टेकायचे याचाही पत्ता नाही.

त्या भुकेच्या दिवसांबद्दल बाबूजी ज्या स्वरात लिहितात तो मला त्यांच्या गाण्याइतकाच मोलाचा वाटतो. रडगाणे नाही आणि ‘बघा, मी कुठून कुठे आलो’ हा ताठाही नाही. आपल्याकडे कलावंतांच्या आत्मचरित्रांत दुसरा अर्धा भाग बहुधा सत्कारांच्या यादीत जातो. कीर्तीचे दिवस पुरते उजाडायच्या आधीच हे पुस्तक थांबते, म्हणून त्या यादीतून आपण सुटलो, असेही मी म्हणेन. (आमच्या प्रतीत शेवटच्या पानावर कुणीतरी पेन्सिलीने ‘पुढे?’ लिहिले होते. त्याखाली दुसऱ्या अक्षरात : ‘पुढचे रेडिओवर ऐका.’ वाचनालयाच्या पुस्तकात लिहू नये हा नियम मीच फलकावर लावला होता, तरी ते पान काही खोडवले नाही.)

आणि अपुरे राहिले ते ‘दुर्दैवाने’ नव्हे. ह्या माणसाला स्वतःबद्दल लिहीत बसायला सवड होती कुठे? ऑगस्ट १९५४ मध्ये दादरा-नगर हवेलीच्या मुक्तिलढ्यात ते होते, आणि त्यानंतर आठच महिन्यांनी गीतरामायणाची पहिली चाल. पोर्तुगीजांच्या तुरुंगात खितपत पडलेल्या गोवा मुक्तिसैनिक मोहन रानड्यांच्या सुटकेसाठी त्यांनी खटपट केली. सावरकरांवरच्या चित्रपटासाठी उतारवयात कार्यक्रम करून, लोकांकडून वर्गणी जमवून कितीतरी वर्षे घालवली. चित्रपट २००१ मध्ये लागला आणि २९ जुलै २००२ ला ते गेले. त्यांच्या राजकीय मतांशी माझे जुळते असे नाही. पण आत्मचरित्राची वही मिटून जे त्यांना अधिक निकडीचे वाटले तिकडे ते गेले, एवढे तर दिसते.

तुमच्या लेखात मात्र पुन्हा तेच दोन किस्से : लग्नात महंमद रफींनी म्हटलेली मंगलाष्टके आणि गीतरामायण लिहिणाऱ्या माडगूळकरांच्या पहिल्या गीताचा हरवलेला कागद. किस्से गोड आहेत, पण दर जुलैत तेच किती वेळा वाढायचे? ललिताबाईंचा उल्लेखही ‘पत्नी’ एवढ्यावर संपतो. ‘नदिया के पार’मध्ये रफींच्या बरोबरीने गायलेली ही बाई, लग्नाआधीच नाव कमावलेली!

माझी एक सूचना आहे. आत्मचरित्र जिथे थांबते तिथून पुढचे ऐकणाऱ्यांकडे आहे. माझ्या आईची एक वही आहे. शुक्रवारी सकाळी पावणेनऊला गीत लागायचे, तेव्हा शेजारच्यांच्या रेडिओपुढे बसून ती भराभर उतरवून घ्यायची. न कळलेल्या शब्दाला जागा सोडायची, आणि शनिवार-रविवारी तेच गीत पुन्हा लागले की ती जागा भरायची. त्यामुळे मूळ ओळ निळ्या शाईत आणि भर पेन्सिलीत. वही चाळताना माझ्या लक्षात आले की बाबूजी स्वतः गायले आहेत त्या पानांवर पेन्सिल जवळजवळ लागलेलीच नाही. ‘दैवजात दुःखे भरता’सारखे संस्कृत शब्दांनी भरलेले लांबलचक गीत, लिहिणारी सातवी शिकलेली, आणि एक शब्द सुटलेला नाही! त्यांच्या शब्दोच्चारांवर पुष्कळ लिहिले गेले आहे, पण इतका स्वच्छ पुरावा मला दुसरीकडे सापडला नाही.

अशा वह्या अजून घरोघरी असतील. पुढच्या २५ जुलैला नेहमीच्या लेखाऐवजी वाचकांकडून त्या मागवाव्यात, निदान त्यांतली पाने छापावीत. आईच्या वहीची छायाप्रत मी पाठवू शकेन. अयोध्याकांडातली दोन पाने कसरीने खाल्ली आहेत, बाकी सगळे नीट वाचता येते.

आपली,
एक निवृत्त ग्रंथपाल, जि. सातारा