दिघोरीहून पाऊण तासात किती नोकऱ्या?

महोदय,

माझ्या सुनेला हिंगणा एमआयडीसीत पॅकिंगचे काम मिळाले होते. नागपुरातल्या दिघोरीहून बसने बर्डी, तिथून मेट्रोने लोकमान्यनगर, पुढे शेअर ऑटो. घरातून निघाल्यापासून गेटवर पोहोचेपर्यंत पावणेदोन तास. मुलगा तिकडेच मोटरसायकलने पन्नास मिनिटांत जातो, पण घरात गाडी एकच. दीड महिन्यात तिने काम सोडले.

मेट्रो मार्च 2019 मध्ये सुरू झाली, डिसेंबर 2022 मध्ये पहिला टप्पा पूर्ण झाला, आता बुटीबोरी आणि कन्हानपर्यंत जाणार आहे. आनंद आहे. पण आपल्याकडे हिशेब होतो तो किलोमीटरचा आणि रोजच्या प्रवाशांचा. सुनेसारखी जी माणसे आता मेट्रोत चढतच नाहीत, ती त्या आकड्यात येणार कुठून?

मोजायचे ते असे: प्रत्येक प्रभागातून पाऊण तासात किती नोकऱ्यांपर्यंत पोहोचता येते? दुचाकीने किती, सायकलने किती, बस-मेट्रोने किती? वेळ दारापासून धरायची. स्टॉपवर ताटकळणे आणि शेवटची पायपीटही त्यात आली. मे महिन्याच्या 45 अंशांत तो अर्धा किलोमीटर काय असतो, हे नागपूरकराला सांगायला नको. ही कल्पना नवी नाही. अमेरिकी संशोधक वॉल्टर हॅन्सन यांनी 1959 मध्येच ती मांडली होती आणि मिनेसोटा विद्यापीठ अमेरिकेतल्या मोठ्या शहरांचा असा हिशेब करते.

एक धोका मात्र आहे. नोकऱ्या मोजताना फक्त पीएफच्या याद्या घेतल्या, तर मिहान (विमानतळाजवळचे उद्योगक्षेत्र) आणि एमआयडीसी ठळक दिसतील. इतवारीतले दुकानातले पोरगे, कळमन्यातला हमाल, धरमपेठेत चार घरची धुणीभांडी करणारी बाई गायब होतील. बसची गरज तर त्यांनाच जास्त. आणि हिशेब फक्त सकाळचा नको. रात्री दहाला पाळी सुटल्यावर परतीचे काय, तेही पाहावे.

महापालिका आणि महामेट्रोने हा नकाशा प्रभागवार प्रसिद्ध करावा. मग रिंग रोडने मानेवाडामार्गे हिंगणा टी-पॉइंटपर्यंत दर दहा मिनिटांनी बस सोडली, तर दिघोरीच्या आवाक्यात किती कामे वाढतील, हे बस घेण्याआधीच कागदावर काढता येईल.

— एक वाचक, दिघोरी, नागपूर