टपाल बंद झाले म्हणून वस्ती संपत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

अमेरिकेत मुलांकडे जाऊन आलेले वाचक तिथल्या आडवळणाच्या वस्त्यांवर हौसेने लिहितात. असे लेखन जरूर यावे. पण ‘अमुक साली टपाल कार्यालय बंद झाले आणि गाव ओस पडले’ हे वाक्य त्यात हमखास असते आणि बहुतेकदा ते चुकीचे असते.

या वस्त्यांना स्वतःची नगरपालिका नसते. रस्ते, शेरीफ (तिथला पोलीसप्रमुख), मालमत्ता कर हे सगळे काउंटीकडे, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या विभागाकडे. महसुली गावातल्या वाडीसारखीच ही गत. नाव सर्वांना ठाऊक, पण कायदेशीर हद्द नाही. त्यामुळे वस्तीच्या अस्तित्वाचा कागदोपत्री पुरावा म्हणून लोक टपाल खात्याची नोंद धरतात.

१९०१ साली अमेरिकेत ७६,९४५ टपाल कार्यालये होती; हा आजवरचा उच्चांक. त्यातली असंख्य कार्यालये किराणा दुकानाच्या एका कोपऱ्यात चालत. १८९६ पासून शेतकऱ्यांच्या घरापर्यंत टपाल पोहोचवण्याचे प्रयोग सुरू झाले, १९०२ मध्ये ती सेवा कायम झाली आणि ही छोटी कार्यालये भराभर बंद होऊ लागली. माणसे होती तिथेच राहिली, पत्ता तेवढा काही मैलांवरच्या मोठ्या गावाचा झाला. तेव्हा त्या काळातली बंदची तारीख दिसली, तर त्या भागात घरपोच टपाल कधी सुरू झाले ते आधी तपासावे. टेक्सासमधल्या लुकनबाखचे टपाल कार्यालय तर १९७१ मध्ये बंद झाले. तिथले दुकान आणि नाचघर आजही गजबजलेले असते.

जागेचाही घोळ होतो. पोस्टमास्तर बदलला की कार्यालय अनेकदा नव्या माणसाच्या दुकानात किंवा घरी जाई, त्यामुळे जुन्या नकाशांवर एकच नाव मैल-दोन मैल सरकलेले दिसते. अशा वेळी राष्ट्रीय अभिलेखागारातले १८३७ ते १९५० या काळातले स्थाननिश्चितीचे अर्ज पाहावेत. जवळची नदी, रेल्वे आणि शेजारची कार्यालये किती अंतरावर आहेत, हे पोस्टमास्तरने त्यात भरून दिलेले असते. सरकारी जमीनमोजणी झालेल्या राज्यांत सेक्शनचा क्रमांकही मिळतो. एक सेक्शन म्हणजे एक चौरस मैल, ६४० एकर. टेक्सास आणि मूळच्या १३ राज्यांत ही पद्धत नाही, तिथे काउंटीतली खरेदीखते चाळावी लागतात.

लोकसंख्येचा आकडा देताना तर फारच जपावे. जनगणना खात्याने ज्या वस्तीची सांख्यिकी हद्द आखलेली नाही, तिचा वेगळा आकडा नसतोच. पिनकोडसारख्या ‘झिप’ क्रमांकाचा आकडा वस्तीच्या नावावर खपवला जातो. १८९० च्या जनगणनेची बहुतेक मूळ पत्रके १९२१ च्या आगीनंतर उरली नाहीत, म्हणून त्या दशकासाठी कर-नोंदी आणि दफनभूमीतले शिलालेख वापरावेत.

आणि लेखात काउंटीचे नाव द्यायलाच हवे. एकाच राज्यात एकाच नावाच्या दोन-तीन वस्त्या असतात; काउंटीशिवाय त्यातली नेमकी कोणती, हे वाचकाला कळणार नाही.

– एक वाचक