सुटले खरे, पण कशावर सुटले ते बघ

सोनू,

काल फोनवर तू म्हणालीस ना, की अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने सिट-इनवाल्या (गोऱ्यांच्या हॉटेलात ठाण मांडून बसणाऱ्या) काळ्या पोरांना न्याय दिला, विषय संपला. तुझी बस आली म्हणून मी गप्प बसलो, पण लॉ करतेयस तर नुसती शेवटची ओळ वाचून सोडू नकोस गं.

1960 ला अमेरिकेतल्या ग्रीन्सबोरोत चार काळी कॉलेजची पोरं वूलवर्थ दुकानातल्या फक्त गोऱ्यांसाठीच्या खाण्याच्या काउंटरवर बसली, कॉफी मागितली, मिळाली नाही तरी उठली नाहीत, आणि मग ते लोण अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांत पसरलं आणि केसेसचा ढीग लागला. 1961 ची गार्नर केस घे, पोरं शांत बसलेली, 'शांतताभंगा'चा पुरावाच नाही म्हणून सुटली. 1963 ला पीटरसन, तिथे ग्रीनव्हिल शहराचाच नियम होता की गोरे-काळे वेगळे बसवा, म्हणजे दुकानदारामागे सरकारच उभं, आणि घटनेतली समानता सरकारला बांधते, म्हणून सुटली. लोम्बार्डमध्ये तसा नियमही नव्हता, पण न्यू ऑर्लीन्सचा मेयर आणि पोलीसप्रमुख आधीच जाहीर बोलून बसले होते की सिट-इन चालू देणार नाही, कोर्ट म्हणालं हेही नियमासारखंच. दरवेळी सुटका, आणि दरवेळी खऱ्या प्रश्नाला बगल! सरकारने काही सांगितलेलं नसताना मालकानेच 'काळा आहेस, बाहेर हो' म्हटलं आणि पोलिसांनी उचललं, तर ते घटनेत बसतं का?

1964 च्या बेल केसमध्ये तो टाळायला जागाच नव्हती, तरी टाळला. रॉबर्ट बेल तेव्हा 16 चा, बाल्टिमोरच्या हूपर्स रेस्टॉरंटमध्ये बसला म्हणून दोषी ठरलेला. (पुढे हाच मेरीलँडच्या सर्वोच्च कोर्टाचा चीफ जज झाला, मला हे जाम आवडतं.) मूळ प्रश्नावर तीन जज पोरांच्या बाजूने, तीन विरोधात, उरलेले तिघे त्यावर बोललेच नाहीत. मेरीलँडने मधल्या काळात कायदा बदलून असा भेद बंद केलाय, त्याचा परिणाम तुम्हीच बघा, म्हणून केस परत मेरीलँडच्या कोर्टाकडे. 10 दिवसांनी हॉटेलांतल्या वंशभेदाला देशभर बंदी घालणाऱ्या सिव्हिल राइट्स ॲक्टवर सही झाली, आणि डिसेंबरात हॅम केसमध्ये 5-4 ने कोर्ट म्हणालं की सिट-इनचे पेंडिंग खटलेही आता रद्द.

मी जजना भित्रे म्हणत नाहीये, मतं अशी फाटलेली असताना थेट उत्तर उलटंही आलं असतं. आपल्या चवदार तळ्याचंही बघ ना, 1937 ला मुंबई हायकोर्टात बाबासाहेब जिंकले ते अस्पृश्यांना तळ्यावर मज्जाव करायची रूढी अनादी असल्याचं समोरच्यांना सिद्ध करता आलं नाही म्हणून.

बेलची तिन्ही बाजूंची मतं वाच, लांबलचक आहेत, रविवारी बोलू. आणि खोकल्याचं औषध घे.

बाबा