फीच्या पत्रात शूटिंगचा खर्चही लिहा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

बारावीचा निकाल लागला की आपल्या पानांवर चित्रपट आणि मीडिया शिकवणाऱ्या संस्थांच्या जाहिराती येऊ लागतात. त्यात वर्षाची फी असते, हप्त्यांची सोय असते. अशीच एक जाहिरात कापून मी शिवणयंत्राच्या खणात ठेवली होती. मुलीचं नाव पुण्याच्या सरकारी फिल्म इन्स्टिट्यूटच्या यादीत लागलं नाही, म्हणून तिने पुण्यातल्याच एका खासगी संस्थेत सिनेमॅटोग्राफीच्या, म्हणजे कॅमेरा आणि लाइटच्या कामाच्या, तीन वर्षांच्या डिप्लोमाला प्रवेश घेतला. यंदा तिचं शिक्षण संपतं आहे. शिकवणारी माणसं तिला चांगली भेटली, हे आधी सांगते. हे पत्र आहे ते फीबाहेरच्या खर्चाबद्दल.

मी करवीर तालुक्यातल्या एका गावात शिवणकाम करते. माझे मिस्टर दुधाच्या टँकरवर ड्रायव्हर आहेत. फीचा आणि होस्टेलचा हिशेब करूनच आम्ही शैक्षणिक कर्ज काढलं होतं. प्रवेशाच्या वेळी 'कॅमेरा, लाइट सगळं संस्थेचं' असं सांगितलं, आणि ते खोटं नव्हतं. पण लाइट न्यायला टेम्पो लागतो. लाइटबरोबर येणाऱ्या लाइटमनला रोजचा भत्ता द्यावा लागतो. जनरेटरचं डिझेल, लोकेशनचं भाडं, कलाकारांचं येणंजाणं, सगळ्या युनिटचं दोन वेळचं जेवण हे विद्यार्थ्याने बघायचं असतं. सामान घेताना डिपॉझिट भरायचं. दुसऱ्या वर्षी वाऱ्याने स्टँड पडला आणि लेन्सवरचा फिल्टर तडकला, तेव्हा त्यातले ६,५०० रुपये कापले गेले. पोरगी दोन दिवस जेवली नाही.

सगळ्यात जास्त चकवलं ते हार्ड डिस्कनी. चांगल्या प्रतीचं चित्रण असलं तर एका तासाला ३०० जीबीहून जास्त जागा लागते, हे मला कुठून ठाऊक असणार? शिवाय एकच प्रत ठेवून चालत नाही. तीन प्रती करायच्या, त्यातली एक दुसऱ्या ठिकाणी ठेवायची, असा त्यांचा नियम आहे आणि तो बरोबरच आहे. डिस्क बंद पडली तर सगळ्यांचे कष्ट पाण्यात. ती दुसऱ्या ठिकाणची प्रत आज माझ्या कपाटात जुन्या नऊवारीत गुंडाळून ठेवलेली आहे. कॅमेऱ्यात घालायचं एक कार्ड १२,००० रुपयांना पडलं. अस्तराच्या ब्लाउजची शिलाई मी ४०० रुपये घेते. म्हणजे तीस ब्लाउज, तेही दोरा-अस्तर न धरता.

डिप्लोमा फिल्म, म्हणजे शेवटी करायची मोठी फिल्म, तिने आमच्याच घरी केली, लोकेशनचं भाडं वाचावं म्हणून. चार दिवस सोळा माणसं होती. पहाटे पोहे, दुपारी भाकरी-झुणका, रात्री आमटी-भात. साउंडचं काम करणारा मुलगा रोज शूटिंग सुरू होताना स्वयंपाकघरात यायचा, फ्रिजची घरघर रेकॉर्डिंगमध्ये येऊ नये म्हणून "काकू, फ्रिज बंद करतो," म्हणायचा आणि आपल्या मोटरसायकलची किल्ली फ्रिजमध्ये ठेवायचा. का, तर रात्री निघताना किल्लीसाठी फ्रिज उघडावाच लागेल आणि तो पुन्हा चालू करायचं लक्षात राहील. कुकरची शिटी व्हायच्या बेताला आली की मी गॅस बारीक करून उभी राहायची. मधल्या खोलीत मुलगी खिडकीला पांढरा कपडा लावून उजेड मऊ करत होती. तिला इतकं शांतपणे काम करताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं. ते चार दिवस माझ्या जन्माचे आहेत आणि स्वयंपाकाचा मला कधीच त्रास वाटला नाही.

पण भाडं नसताना, जेवण घरचं असतानाही त्या फिल्मचा खर्च १ लाख १२ हजार झाला. टेम्पो, लाइटमन, डिझेल, डिस्क, पुढे साउंडचं मिक्सिंग. लॅपटॉप, आधीच्या वर्षांची छोटी शूटिंगं आणि नोव्हेंबरात वर्गाबरोबर गोव्याच्या इफ्फी या चित्रपट महोत्सवाला जाणं (तो खर्च मात्र सार्थकी लागला, परत आली ती वेगळीच होऊन) हे सगळं धरून तीन वर्षांत २ लाख ९० हजार. यात फी नाही, होस्टेल नाही.

आता मुद्द्याचं. दुसऱ्या वर्षी वाढीव कर्जासाठी मी बँकेत गेले. मॅनेजरसाहेबांनी नियम उघडून दाखवला. शैक्षणिक कर्ज नुसत्या फीसाठी नसतं. पुस्तकं, उपकरणं, संगणक, अभ्यास सहल, प्रोजेक्टचं काम यांनाही ते बसतं. "मी देतो," ते म्हणाले, "पण संस्थेच्या लेटरहेडवर आकडा आणा." संस्थेने तो दिला नाही. प्रत्येकाचा खर्च वेगळा, आम्ही कसा लिहून देणार, असं उत्तर आलं. मी तीनदा पुण्याला गेले. एसटीचं अर्धं तिकीट होतं म्हणून तीनदा तरी जाता आलं.

शेवटी बचत गटातून पैसे उचलले, शेकडा दोन रुपये महिना. बँकेचं व्याज त्याच्या निम्म्याच्या आसपास पडलं असतं, आणि हप्ता शिक्षण संपल्यावर वर्षभराने सुरू झाला असता. गटाचा हप्ता पुढच्याच महिन्यापासून. एका ओळीचं पत्र मिळालं नाही म्हणून हा फरक.

अशा वेळी दादासाहेब फाळक्यांचं नाव घेणारे पुष्कळ भेटतात. पहिल्या चित्रपटासाठी त्यांनी विम्याची पॉलिसी गहाण टाकली, सरस्वतीबाईंनी दागिने दिले, सगळ्या मंडळींचा स्वयंपाक केला. सरस्वतीबाईंपुढे मी हात जोडते. पण तो त्यांनी स्वतःच्या घरात उभा केलेला धंदा होता, आणि १९१३ साली आपल्याकडे हे शिकवणारी शाळाच नव्हती. आज फी भरून शिकणाऱ्या मुलांच्या आयांना दागिन्यांची गोष्ट सांगणं बरोबर नाही.

माझी मागणी एवढीच की, प्रत्येक संस्थेने प्रवेशाच्या वेळीच फीच्या पत्रात सत्रवार लिहावं: या सत्रात अमुक प्रोजेक्ट, त्याला विद्यार्थ्याला अंदाजे इतका खर्च, डिपॉझिट इतकं. म्हणजे कर्जाची रक्कम पहिल्याच दिवशी नीट ठरेल. आणि प्रोजेक्टच्या खर्चाला वरची मर्यादा घालावी, बिलं तपासावीत. मुलीच्या वर्गात एकाने क्रेन भाड्याने आणली. त्याच वर्गातल्या वाशीमकडच्या एका मुलाने स्वतःची फिल्म केलीच नाही. पैसे नव्हते. त्याला मोबाईलवर करायला सांगितलं. मोबाईलवर चांगलं काम होतं, पण तो लायटिंग शिकायला आला होता. आमच्या घरच्या शूटिंगला चारही दिवस तोच लाइट उचलत होता, आणि त्याला गुण मात्र दुसऱ्याच्या फिल्मवर सहायक म्हणून मिळाले. उचकी लागली की मला त्याची आठवण होते.

शिक्षण खात्याने आणि बँकांनीही हे संस्थांना बंधनकारक करावं. फी माफीच्या, शिष्यवृत्तीच्या योजना असतात त्या बहुतेक कोर्सच्या फीवर. असल्या खर्चाला त्यांचा हात पोहोचत नाही.

तीन वर्षांच्या खर्चाची वही माझ्याकडे आहे, तारीख आणि पावत्यांसकट. टेम्पो कुठून स्वस्त मिळाला, कोणत्या डिस्क घेऊन पस्तावलो, सगळं त्यात लिहिलेलं आहे. यंदा मुलांना या शिक्षणाला घालणाऱ्या पालकांसाठी तिची झेरॉक्स आपल्या कोल्हापूर कार्यालयात आणून ठेवायची माझी तयारी आहे. आपण परवानगी द्यावी.

आपली,
एक पालक, ता. करवीर, जि. कोल्हापूर